पडल्या पडल्या पंधराशे छत्तीस

विश्राम परुळेकर कोलशेतच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. दुसऱ्याच्या वजनकाट्यावर त्यांनी कधी भरवसा ठेवला नाही. त्यामुळे आहारतज्ज्ञ अंतराने त्यांची उंची, वजन, वय मांडून, "काका, दिवसभर नुसते पडून राहिलात तरी तुमच्या शरीराला पंधराशे छत्तीस कॅलरी लागतात," असं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला.

"पडून राहिल्यावर कशाला लागतात?"

"श्वासाला, हृदयाला."

"ते आजवर फुकट चाललं होतं."

पण ऐकणं भाग होतं. वजन चौऱ्याऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवर आल्याशिवाय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोंबिवलीतलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विश्रामराव दवाखान्यापुरतेच खाली उतरत.

महिनाभर त्यांनी खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. वजन अर्धा किलो वाढलं.

पहिला संशय अंतराच्या सूत्रावर. ते परक्या देशातल्या माणसांवरून काढलेलं असणार. मग तिच्या काट्यावर. शेवटी बायकोच्या फोडणीवर. दोन दिवस ते स्टूल घेऊन ओट्याशी बसले. सरोजताईंनी बोलणं टाकलं.

पुढच्या भेटीत अंतराने वही चाळली. "या हिशेबाने तीन-चार किलो उतरायला हवे होते."

"म्हणजे सूत्र चुकलं."

"सोमवार, गुरुवार, शनिवार कोरे का?"

"उपास असतो."

"काहीच खात नाही?"

"उपास म्हटलं ना."

सोबत आलेल्या सरोजताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दोन ताटल्या साबुदाण्याची खिचडी, वर दही. चार वाजता दाण्याचे दोन लाडू. संध्याकाळी तुपातला बटाट्याचा कीस."

"अगं, ते काय जेवण झालं?"

अंतराने बेरीज केली. एका उपासाच्या दोन हजार शंभर कॅलरी. विश्रामरावांनी कागद ओढून बेरीज दोनदा तपासली. चूक सापडेना. मग त्यांनी सगळे कोरे दिवस भरले आणि स्टोअरच्या रजिस्टरमध्ये दुरुस्तीशेजारी करत तशी प्रत्येक नोंदीशेजारी सही केली.

"उपास सोडणार नाही मी."

"नका सोडू. फक्त लिहा," अंतरा म्हणाली.

घराचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले. गुडघा ठणकत होता.

"सोमवारी एकच ताटली दे. लाडू नको. आणि वाढताना मला दाखव."

"तुम्हीच वाढून घ्या," सरोजताई म्हणाल्या आणि पुढे चढू लागल्या.