सातवी पास गजा पहिलीच्या वर्गात

पाणी भरलं, भाकरी थापल्या, भांडी घासली आणि सुरतेतल्या डिंडोलीहून तुरुंगाकडे जाणारी बस पकडली. नव्वदच्या दशकातली ती सकाळ आज दुपारी पुन्हा समोर आली. तुरुंगातले वर्ग चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना आता प्रशिक्षण देणार, असं पेपरात वाचलं. म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते.

नवरा वारला होता आणि एकुलता एक मुलगा गजा आत होता. जाळीपलीकडून म्हणाला, "माय, मला पहिलीत बसवलंय."

गजा खानदेशात, आमच्या गावच्या मराठी शाळेत सातवी पास झालेला. मग सुरतेला येऊन कापडाच्या मागावर कामाला लागला. गुजराती फाडफाड बोलायचा, पण वाचता येत नव्हतं. तेवढ्यावर त्याला अडाणी ठरवलं. तुरुंगातल्या शिलाईच्या वर्गात गुजराती वाचता येणारेच घेत होते, म्हणून तिथेही त्याला जागा नाही.

मी म्हटलं, "वर्गाच्या साहेबांना सांग ना."

"सांगितलं. सगळे हसले. आता मी बोलतच नाही कुणाशी. तू पण नको येत जाऊ."

मी साहेबांचे पाय धरले. ते अवघडून म्हणाले, "उठो बेन. मला कैदी मोजायला शिकवलंय. वर्ग कसा चालवायचा हे कुणी शिकवलंय?"

त्यांचंही खरंच होतं. पण माझा पोरगा आत विझत चालला होता. नव्या साहेबांना एवढं तरी कुणी शिकवेल का, की आधी विचारा, बाबा, तू कुठल्या भाषेत शिकलास?

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी मी उधन्याच्या बाजारातून गुजराती पहिलीचं पुस्तक आणलं आणि पुढच्या भेटीत गजाला शिकवता यावं म्हणून डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं गिरवायला बसले.