मानपत्रातला खोडलेला शब्द

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा गुन्हा. मुलुंडच्या आमच्या चाळीत कुणाचं बारसं असो की कुणाची सेवानिवृत्ती, कागद माझ्याकडे यायचा. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, म्हणजे मला दुसरं काम काय, असा सगळ्यांचा समज. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा चाळ कमिटीने ठरवलं की सत्यनारायणाच्या पूजेला तळमजल्यावरच्या काकांचा सत्कार करायचा आणि मानपत्र मी लिहायचं. त्या वेळी मात्र मी कुरकुर केली नाही.

काका बॉक्सर होते. हौशी नव्हेत, चांगले धंदेवाईक. मालवणकडून मुंबईला आलेला माणूस मद्रास, कलकत्ता, कोलंबोपर्यंत लढून आला होता. पैलवान म्हटलं की आपल्याकडे लोक पाट मांडतात. बॉक्सर म्हटलं की 'मारामाऱ्या करतो' म्हणतात. माझी आईही त्यातलीच. पण मी दहा वर्षांची असताना वडील मला काकांची एक लढत बघायला घेऊन गेले. एवढ्या पुरुषांत मी एकटी मुलगी. समोरचा गडी काकांपेक्षा वीतभर उंच. पहिला राउंड मी भीतीने डोळे झाकून घालवला. दुसऱ्यात बघितलं, तर काकांना काही लागतच नव्हतं. ठोसा यायचा तेव्हा ते तिथे नसायचेच. ओल्या सारवणावरून ठसा न उमटवता चालावं, तसे त्यांचे पाय पडत होते. डावा हात कधी गेला ते समोरच्याला लागल्यावरच कळायचं. पाचव्या राउंडमध्ये तो उंच गडी खाली बसला. रेफ्रीचे दहा आकडे संपले आणि काकांनीच त्याला हाताला धरून उठवलं.

त्यांच्याहून जोरात मारणारे पुष्कळ झाले असतील. पण स्वतःच्या अंगाची एवढी अक्कल असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लढती बंद झाल्यावर ते संध्याकाळी मैदानात फुकट शिकवायचे. पहिला महिना नुसते पाय, ग्लोव्हजना हातही लावायचा नाही. कंटाळून निम्मे पळून जायचे. जे टिकले त्यातले काही रेल्वेत लागले, काही पोलिसांत. रस्त्यावर कुणावर हात उचलला की नाव कायमचं कापलं जायचं, मग तो कितीही चांगला खेळो. हे सगळं मला मानपत्रात लिहायचं होतं.

कळल्यावर काका स्वतः दोन जिने चढून वर आले. आत या म्हटलं तरी दारातच उभे राहिले. "बाय, एक लढत मी हरलंय. मढच्या माणसाकडसून. तीपण लिव हां. पूजेक त्येका बोलावलंय."

मी हो म्हटलं. पण कमिटीचा सेक्रेटरी उखडला. "मानपत्रात कुणी हरलेलं लिहितं का गं? वाट लागेल कार्यक्रमाची. झकास काहीतरी लिही ना!" सगळा दोष त्याच्यावर ढकलायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर मलाही ती एक ओळ खटकत होती. तीन संध्याकाळी खपून मी ते मानपत्र लिहिलं आणि शेवटी लाल शाईने, चांगला वळणदार 'अजिंक्य' काढला. त्या शब्दावर मी स्वतःच खूश होते.

पूजेच्या दिवशी मढहून पाहुणे आले. तरीने वर्सोव्याला, मग दोन बस बदलून. वाळलेला, लहानखुरा कोळी, इस्त्रीचा सदरा, बरोबर सून. प्रसाद देताना मी सुनेशी दोन शब्द बोलले, तर ती हसत म्हणाली, "म्हातारा सांगत असतो, मी यांना हरवलं म्हणून. घरात कोणाला खरं वाटत नाय. आज ऐकायला आलो."

मानपत्र केव्हाच फ्रेममध्ये गेलं होतं. तोंडाने ती ओळ घालता आली असती, एवढंही मला तेव्हा सुचलं नाही. मी लिहिलं होतं तसंच वाचत गेले. 'अजिंक्य' आला तशा टाळ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. मग सुनेने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी हात खाली घेऊन मांडीवर ठेवले.

"थांब बाय," काका उठले. "ह्या खोटा आसा."

टाळ्या विरल्या. सेक्रेटरी काहीतरी बोलायला गेला, त्याला काकांनी बसवलं. "आठ राउंड मी ह्याला शोधत होतो. एवढा चांगला मी आयुष्यात कधी खेळलो नाही, आणि तरी हरलो." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "माझ्याकडे जिंकलेल्या भरपूर आहेत. ह्याच्याकडे ही एकच. तीपण काढून घेतलीस, तर ह्याने घरी काय न्यायचं?"

एवढी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही. काकांनी फ्रेम उलटी करून खिळे स्वतः उपटले. कुणीतरी बॉलपेन दिलं. माझ्या लाडक्या शब्दावर मी रेघ मारली आणि खाली पाहुण्यांचं नाव, त्यांचं गाव, आठ राउंड आणि त्यांचा विजय, असं सगळं लिहिलं. त्या मानपत्रातली सर्वांत वाईट अक्षरातली ओळ तीच. मग उभं राहून ती मोठ्याने वाचली.

पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. कानामागे हात धरून म्हणाले, "गो बाय, ती ओल परत वाच."

त्यांना पहिल्या वेळीच नीट ऐकू गेलं होतं, हे मला दिसत होतं. मी परत वाचली. या खेपेला सुनेकडे बघून.