उत्कर्षा रडत का नाही?

हेमांगीताईंचा स्वभाव संशयी. बोईसरच्या अंगणवाडीत एकोणीस वर्षं काढून तो तसा झाला, असं त्या म्हणत. केळव्याला त्यांच्या माहेरी मात्र सांगत, की ही लहानपणीसुद्धा शहाळं वास घेऊन बघितल्याशिवाय तोंडाला लावायची नाही.

वजनाच्या दिवशी काट्याच्या झोळीत घातलं की एकेक पोर चाळ डोक्यावर घ्यायचं. नऊ महिन्यांची उत्कर्षा तेवढी गप्प. लोंबकळता लोंबकळता तिनं मूठ तोंडात घातली, डोळे मिटून घेतले. बस.

"गुणाची हाय," मदतनीस भागी म्हणाली.

"एवढंसं पोर गुणाचं नसतं, भागी."

ताईंनी बाळाच्या पाठीमागे ताट आपटलं. उत्कर्षानं मान वळवली, म्हणजे कान शाबूत होते. हातातलं बिस्किट काढून घेतलं, तरी हूं नाही की चूं नाही. मग एकच शंका उरली.

"खरं सांग उषा, झोपेचं काय पाजतेस हिला?"

उत्कर्षाची आई उषा जालन्याकडची, विशीतली. तिचा चेहरा उतरला. तिनं पोरीला उचललं आणि ती निघून गेली. ताईंची शंका आणखी पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, न सांगता, त्या उषाच्या खोलीवर गेल्या. उषानं दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. खिडकीला चादर लावलेली. नवरा पुंजाराम बारा तासांची रात्रपाळी करून जमिनीवर झोपलेला. ताईंची नजर थेट फळीवर गेली. खोकल्याच्या औषधाची बाटली त्यांनी उघडून हुंगली, तारीख वाचली. उषा कठोर नजरेनं बघत राहिली.

कोपऱ्यात उत्कर्षा जागीच होती, एका चिंधीशी खेळत. तिच्या हातून वाटी पडली. पुंजारामनं कूस बदलली. पोरगी जागच्या जागी थिजली आणि तिची मूठ तोंडात गेली. उषानं तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

बाहेर आल्यावर उषा कुजबुजली, "ही रडली की हे उठतेत. झोप नाही झाली तर मशीनवर डुलकी लागते. मागं हात थोडक्यात वाचला. म्हणून मी हिच्या तोंडावर हात ठेवायची, हळूच. आता ठेवावा लागत नाही." मग ती एकदम मागे सरली. "तुमी हे लिहून देणार का? पोरगी नेतेत का मग?"

"कोण नेतंय? आण इकडं."

बोलणं पटलं होतं, तरी ताईंनी पोरीला तपासलंच. अंग कढत होतं. कानाशी पिवळट डाग होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी कानात बत्ती धरली. "चार-पाच दिवस ठणकत असणार. रडली नाही?"

उषानं पोरीची मूठ तोंडातून काढून आपल्या हातात धरली.

कान बरा झाला. पण ताईंनी उषाला दुपारपर्यंत अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसायला सांगितलं, पोरीला घेऊन. "इथं कोणी झोपलेलं नाय. आवाज केला तर करू दे."

हे पुंजारामला रुचलं नाही. पोरीला घेऊन बायको रोज कुठं जाते, ही बाई घरातलं काय काय विचारून घेते, याचा त्याला घोर लागला. तिसऱ्या आठवड्यात तो झोप मोडून थेट ओट्याशी आला. त्याच वेळी आतून एका पोरानं असा टाहो फोडला, की तो दारातच थबकला.

"कोणाचं पोर हाय?" त्यानं भागीला विचारलं.

"तुमचंच. खुळखुळा काढून घेतला तिचा."

पोरीचा एवढा मोठा आवाज पुंजारामनं कधी ऐकला नव्हता. भांडायला घोकून आलेलं सोडून तो पोरीला बघायला आत गेला.

घरी मात्र दुपारी उत्कर्षा अजून मूठच चोखते. "ओट्यावर आली की रडते, उंबऱ्याच्या आत गप्प," उषा सांगते. ताईंना ते धड वाटत नाही. त्या तिच्या वजनाच्या तक्त्याशेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवतात: आज किती वेळा रडली.