आपणने शुं

माझा घसा सारखा बसायचा. दुर्बीण घालून झाली, काही सापडलं नाही, तेव्हा घशाच्या डॉक्टरांनी मला मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. दर आठवड्याला सुरतेतल्या पांडेसऱ्याहून रिक्षानं जायचं, कोचावर आडवं व्हायचं आणि मनात येईल ते बोलायचं. डॉक्टरबेन गुजराती, डोक्यामागे बसून नुसतं ऐकायच्या. मी जावेबद्दल बोलले, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलले. बसका का असेना, लोकांची उणीदुणी काढायला घसा पुरायचा. स्वतःवर विषय आला की मी सुरती झटक्यानं म्हणायचे, “आपणने शुं?” आपल्याला काय! इथं सगळेच म्हणतात.

भाऊ असूनही आई माझ्याकडे राहते. यंदा आखाजी जवळ आली, तशी तिनं पिशवी भरली. लेकी माहेरी जातात तो आमचा खानदेशी सण, आणि माझी आई निघाली मुलाकडे. लेकीच्या घरी सण करत नाहीत म्हणे. वर्षभर जेवायला मात्र लेक चालते! मुलाचा साधा फोनही आला नव्हता. त्या सकाळी माझा आवाज पारच गेला.

बेनला मी कुजबुजत सगळं सांगितलं आणि शेवटी सवयीनं म्हटलं, “आपणने शुं?”

“आपणे एटले कोण?” त्यांनी विचारलं. आपण म्हणजे कोण?

माझं डोकं फिरलं. एवढी शिकलेली बाई, हिला साधं ‘आपण’ कळत नाही? इथं पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ठरवून मी उठले, चपला घातल्या. दाराशी मात्र राहवलं नाही. वळून अहिराणीतच म्हणाले, “माले राग येस.”

“कयो राग?” बेन गोंधळल्या. गुजरातीत राग गाण्यातला असतो. त्यांना वाटलं, मला गाता येतं. आता फोड करून सांगणं आलं.

“गुस्सो! मने गुस्सो आवे छे. मने!”

बाहेर बसलेली माणसं दाराकडे बघायला लागली. माझा आवाज, खणखणीत. मला इतका आनंद झाला की मी चपला काढून परत कोचावर जाऊन पडले आणि उरलेला सगळा वेळ फक्त माझ्याबद्दल बोलले.

घरी पिशवी दारातच होती. आईसमोर बसले. सरळ म्हणाले, “माय, माले तुना राग येस. तू आखाजी आठेच कर.” इथंच कर.

आईनं दारातली पिशवी उचलून आत ठेवली. मग म्हणाली, “मंग खापर काढ.”

मांडे भाजायचं ते मातीचं खापर मी माळ्यावरून काढलं. सणाच्या दिवशी पुरणाचा वास जिन्यात उतरला, तशी खालून शेजारीण ओरडली, “आखाजी कोना घर व?” कोणाच्या घरी?

“मना घर!” मी गॅलरीतून ओरडले. खाली टेम्पोवाल्यानंसुद्धा मान वर केली.