दवाखान्यात काय सांगितलासा

"पावणं, दवाखान्यात काय सांगितलासा?"

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चहाचं आलं. बायको खरवडत होती, मी ठेचत होतो. तेवढ्यात कागलचा एक माणूस आमच्या गाड्यावर थांबला. बरोबर त्याची बायको, हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. कुणी भाजलेलं, कापलेलं माणूस आलं की माझी बायको साखर कमी का जास्त हे विचारायची नाही. आधी हे विचारायची.

आमचा चहाचा गाडा कोर्टाच्या फाटकाबाहेर. कोर्ट जुन्या जागेवरनं नव्या जागी गेलं तसा गाडाही मागोमाग गेला. ज्यांची कोल्हापुरात तारीख पडलीय, त्यांनी तिला बघितलं असणार. डोक्यावर पदर, डोळ्याला काळा चष्मा, हातात गाळणं. तिची शाळा चौथी, माझी दुसरी. वकील लोक चहा पिताना जे बोलायचे ते सगळं तिच्या ध्यानात राहायचं. माझ्या ध्यानात किती कप झाले तेवढंच.

वाटणीवरनं भांडत आलेल्या दोघा सख्ख्या भावांना तिनं एकदा एकाच बाकड्यावर बसवलं. म्हणाली, "आधी कागुद दावा, मग भांडा." कागद दोघांकडंही नव्हता. गप चहा प्याले आणि गावाला गेले. एक म्हातारा वकील तिला रोज चिडवायचा, "मावशी, आता सनद काढा."

"काढली असती सायेब," ती म्हणायची, "पर मग तुमी काय खाणार?"

आता लाजेचं सांगतो. मलाच सांगायला पाहिजे, दुसरं कोण सांगणार.

तीन वर्षांमागं गणपतीची मिरवणूक आमच्या गल्लीतनं चालली होती. ही आरतीचं ताट घेऊन दारात उभी. मंडळाचा अध्यक्ष माझा पुतण्या, थोरल्या भावाचा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं पोटचा म्हणा, तोच. चांगला पस्तिशीचा बाप्या. त्यानं सुतळी बॉम्ब लावला, आणि आवाज मोठा व्हावा म्हणून वर पत्र्याचा डबा पालथा घातला. डबा फुटला. पत्रा हिच्या तोंडावर आला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं?"

पुतण्या माझ्या पाठीमागं उभा होता. त्याच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता.

"स्टोव्ह फुटला," मी म्हणालो. "चहाचा धंदा हाय आमचा."

डॉक्टरनं तसंच लिहून घेतलं. ती खाटेवर होती. उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं तिनं माझ्याकडं बघितलं. पुढं हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा तीसुद्धा म्हणाली, "स्टोव्ह." नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून. दुसरा डोळा गेला.

त्या म्हाताऱ्या वकिलाला खरं कुठनं तरी कळलं. त्यानं मला बाजूला घेतलं. "मामा, निष्काळजीपणानं फटाका लावला म्हणून पोलिसांत फिर्याद देता येते. नुकसानभरपाईचा दावा वेगळा लावता येतो. फटाक्यातच खोट निघाली तर बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर ग्राहक कोर्टात जाता येतं. बाईमाणसाला तर वकीलसुद्धा फुकट मिळतो. पण तुमच्या पहिल्या कागदावर स्टोव्ह आहे. समोरचा वकील तोच कागद नाचवणार. ज्यानं सांगितलं त्यानं जाऊन सुधारायला पाहिजे. आणि लवकर. दाव्याला मुदत असते."

मी मान हलवली. गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत मुदत घालवली. तिला हे सगळं त्या वकिलाइतकंच ठाऊक होतं, पण तिनं मला एकदाही जा म्हटलं नाही.

टोमणा मात्र एकदा मारला. गाड्यावर गॅसची शेगडी आणली तेव्हा म्हणाली, "बरं झालं. आता स्टोव्ह फुटायचं भ्या न्हाय." मी ग्लास धुवायला घेतले. धुतलेलेच होते.

पुतण्या गाड्याकडं फिरकायचा नाही. दिवाळीला साडी घेऊन घरी यायचा आणि खाली मुंडी घालून बसायचा. ती म्हणायची, "वर बघ की. एका डोळ्यानं बी दिसतोयस मला." आणि त्याच्यापुढं लाडवाची ताटली सरकवायची.

तर तो कागलचा माणूस. म्हणाला, "फटाक्यानं भाजलंय, पर चुलीवर भाजलं म्हणून सांगितलंय. फटाक्याचा स्टॉल मेव्हण्याचा हाय."

तिनं आलं खाली ठेवलं. "मग आजच माघारी जावा. पयलं चुकीचं सांगितलं म्हणून लिवून द्या. पोलिसांत बी द्या आणि शिक्का मारल्याली नक्कल मागून घ्या. कुणी बघितलं त्यांची नावं सांगा. औषधाच्या चिठ्ठ्या टाकू नगा. आणि त्या तितं आत फुकट वकील देणारी कचेरी हाय, तितं जावा."

"आता लाज वाटती वो मावशी."

"वाटू दे की. हात बायकोचा गेलाय, तुमचा न्हाय."

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी आलं ठेचत राहिलो. पार चटणी झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. दुपारी पुतण्यानं अग्नी दिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई कुठं हायत?"

"काल जाळली."

"मग आता काय उपेग, मामा?"

"उपेग असू दे न्हायतर नसू दे. मी खोटं सांगितलंतं, तेवढं लिवा."

त्यानं कागद ओढला. "फटाका लावला कुणी?"

मी नाव सांगितलं. आडनाव ऐकून त्यानं वर बघितलं. "तुमचं कोण?"

"पुतण्या."

सही करून तिथनं तडक त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. डोकं भादरलेलं, कानामागं वस्तऱ्याचं कापलेलं.

"तुझं नाव देऊन आलोय," मी म्हणालो.

त्यानं कानामागचं कापलेलं चाचपलं. मग म्हणाला, "मला वकील लागंल व्हय, तात्या?"

"लागंल," म्हणालो, आणि त्याच्याशेजारी बसलो.