अक्कांनी मागितलेल्या दोन खोल्या

अक्का बोर्डाच्या सभेत कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. जळगावच्या लोकल बोर्डात त्या एकट्याच बाई मेंबर. त्यांची खुर्ची पुरुषांपासून लांब, दाराजवळ मांडलेली असे. पहिल्या सभेला त्यांनी ती पाहिली आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, "अक्का, बसा ना." त्या म्हणाल्या, "तिथं बसले तर माझं तुम्हाला ऐकू येणार नाही." मेंबर होत्या तोवर त्या उभ्याच होत्या. घरी आल्यावर सुजलेले पाय गरम पाण्यात ठेवायचं काम माझं.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. बाईमाणसानं कचेरीत एकटं जाऊ नये म्हणून मला बरोबर नेत. मी व्हरांड्यात खिडकीखाली बसे, त्यामुळं आतलं सगळं बोलणं मला ऐकू येई. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण तिथं मला बरंच कळलं.

अक्का विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. स्वभावानं गोड अजिबात नव्हत्या. भाजी खारट झाली तरी बोलत नसत, नुसतं ताट बाजूला सारत. त्यांच्या घरी कोणी फिरकत नसे, कारण आलेल्या माणसाला त्या चहा होण्याआधीच कोठडीतल्या वेड्यांबद्दल सांगायला लागत. दिवाळीला आम्ही दोघीच असू. त्या एका खोलीत, मी दुसऱ्या.

तेव्हा वेड लागलेल्या माणसासाठी आमच्याकडे दवाखाना नव्हता. रस्त्यात सापडला तर पोलीस त्याला कोठडीत ठेवत आणि हुकूम आला की लांबच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवत. तिकडं गेलेलं कोणी परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. अक्का दर सोमवारी कोठडीवर जात. वहीत 'एक वेडा इसम' एवढंच लिहिलेलं असे.

"नाव लिहा," अक्का म्हणत.

"अक्का, त्याचं त्यालाच माहीत नाही," जमादार म्हणे.

"मग त्याच्या गावात विचारा. मी थांबते."

आणि खरोखर थांबत. जमादार वैतागून शिपायाला पाठवी.

माझा धाकटा भाऊ सुपडू असोद्याला होता. केळीच्या बागेत राबणारा चांगला गडी. एका वर्षात त्याचं डोकं बिघडलं, कशानं ते कोणाला कळलं नाही. लोकांच्या बागेत शिरून घड तोडायचा, अंगावर यायचा. शेवटी आईनं त्याला गोठ्यात बांधलं. मी हे अक्कांपासून लपवलं होतं. मला लाज वाटायची. गावातल्या एका बाईनं त्यांना सांगितलं.

"बांधलाय का त्याला?" अक्कांनी मला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

दुसऱ्या दिवशी अक्का टांगा करून असोद्याला गेल्या. आईनं पाय धरले, म्हणाली, "बाई, त्याले लांब नका पाठवू. मले तो पुन्हा दिसणार नाही." अक्का म्हणाल्या, "नाही पाठवत. इथंच सोय करते." त्या शब्दाला मी धरून राहिले. आईही.

दवाखान्याच्या आवारात दोन खोल्या आणि महिन्यातून एकदा वेडावर इलाज करणारा डॉक्टर, एवढीच अक्कांची मागणी होती. अंदाजपत्रकाच्या सभेत दर वर्षी त्या ती मांडत आणि दर वर्षी ती पडे. त्या वर्षी नाना नावाचे एक मेंबर म्हणाले, "अक्का, या खोल्या मेंबरांसाठी हव्यात का?" सगळे हसले.

"तुमचं नाव घालते, नाना," अक्का म्हणाल्या. "पण आधी असोद्याचा सुपडू. तुमचा नंबर नंतर."

तेव्हा आणखी हसले. मी खिडकीखाली पदर तोंडावर ओढला. माझ्या भावाचं नाव भर सभेत घेतलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "खर्च कोणत्या सदरात घालायचा ते सांगा. वेड्यांचं सदर बोर्डात नाही. दवाखान्याच्या सदरात जागा नाही."

हेडक्लार्क हळूच म्हणाला, "कोंडवाड्याच्या दुरुस्तीची रक्कम तशीच पडून आहे. मार्च संपला की परत जाईल. त्यात घालता येईल."

अक्का प्रत्येक गोष्टीला दहा प्रश्न विचारत. त्या दिवशी एकही विचारला नाही. "घाला," म्हणाल्या. घरी येताना मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. आईला निरोप पाठवला, सोय झाली.

पावसाळ्याआधी खोल्या बांधून झाल्या. आम्ही बघायला गेलो. दाराच्या जागी गजांचं फाटक. आत दगडी हौद, मूत वाहून जायला उतरती फरशी आणि भिंतीत लोखंडी कड्या. बांधकाम बघणारा ओव्हरसियर तरुण होता, बिचारा घाबरला. म्हणाला, "अक्का, सदर कोंडवाड्याचं, म्हणून नकाशा कोंडवाड्याचा. दुसरा नकाशा माझ्याकडं नाही. माणूसही कोंडवाड्याचा शिपाईच मंजूर आहे."

"आणि डॉक्टर?"

"त्या सदरात डॉक्टर बसत नाही."

अक्कांनी लोहार बोलावून कड्या कापून काढल्या. बोर्डाच्या मालाची नासधूस केली म्हणून त्यांना कागद आला. तो त्यांनी वाचला आणि चुलीशी ठेवला. मी त्यानं चूल पेटवली.

सुपडूला आणलं तेव्हा तो शांत होता. फाटकाशी उभा राहून हौदाकडं बघत राहिला. मग मला म्हणाला, "बहीन, ढोरं कुठी हेत?"

तो तिथं वीस-पंचवीस दिवस राहिला. डॉक्टर आलाच नाही. शिपाई त्याला फाटकातून भाकर सरकवायचा. एका सकाळी सुपडूनं शिपायाचं डोकं फोडलं, आणि मग कोठडी, हुकूम, आगगाडी. स्टेशनवर आई आली नाही.

पुढच्या अंदाजपत्रकाला अक्का पुन्हा उभ्या राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, "खोल्या दिल्या आहेत. कागदावर आहेत." त्या बोलू लागल्या तर नाना म्हणाले, "अक्का, दिलेलं वापरा ना." पूर्वी मागणी पडायची तरी पुढच्या वर्षी मांडता यायची. आता तीही सोय राहिली नाही. पावसात खोल्यांत गुरं बांधायला लागले. नंतरच्या निवडणुकीत अक्का पडल्या.

त्या धुळ्याला पुतण्याकडं राहायला गेल्या. मी एकदा भेटायला गेले. मागच्या बाजूची खोली, एक खाट, खिडकीबाहेर भिंत. पुतण्याची माणसं वाईट नव्हती, पण अक्कांशी बोलायला कोणाला वेळ नव्हता. पायाची सूज तशीच होती. मग त्यांनी विचारलं, "कौतिक, राग आहे का माझ्यावर?"

लोक म्हणतात, अशा वेळी नाही म्हणावं. मी म्हणाले, "आहे. तुम्ही त्या दिवशी विचारायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "दर वर्षी नाही ऐकून दमले होते. हो ऐकलं आणि सुटले." मग म्हणाल्या, "राग असला तरी येत जा."

मी येते म्हणाले. पण वर्षाला मला एकच प्रवास जमायचा आणि तो सुपडूकडचा असायचा. तो मला ओळखायचा, कधी नाही ओळखायचा. तिसऱ्या वर्षी तिकडून परतले तर घरी पत्र येऊन पडलं होतं. धुळ्याला अक्का वारल्या होत्या, दहावंही होऊन गेलं होतं.