रॅकच्या रकान्यातली सांगली

अक्कानं फोनवर सांगितलं ते एवढंच : "पेन ड्राइव्ह आहे, त्यात सगळं आहे, आणि कुणाला वाचता येत नाही. तू ये."

अक्का म्हणजे माझी आतेबहीण. सांगलीत नदीकडच्या एका पेठेतल्या सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल. मी साताऱ्यात राहतो आणि घरी बसून एका कंपनीसाठी डेटा साफ करतो. हे काम काय असतं ते नातेवाइकांना समजावणं मी कधीच सोडून दिलं. लोकांनी याद्यांमध्ये जो गोंधळ घालून ठेवलेला असतो तो प्रोग्राम लिहून निस्तरायचा, यापलीकडे त्यात काही नाही. अक्कानं मात्र ते पहिल्या फटक्यात ओळखलं होतं.

"म्हणजे निवडायचं काम. तांदूळ निवडतात तसं."

"तसंच."

"मग पगार जास्त देतात तुला."

ग्रंथालयाची हकिकत मला तुकड्यांनी माहीत होती. महापुराच्या वर्षी पाणी पेठेत शिरणार हे नक्की झालं तेव्हा टेम्पो मिळेना. जे होते ते लोकांच्या गाद्या, फ्रीज आणि म्हाताऱ्या माणसांत गुंतलेले. अक्कानं ग्रंथालयाची दोन्ही दारं उघडली आणि रस्त्यावर दिसेल त्याच्या हातात पुस्तकं द्यायला सुरुवात केली. जेवढी नेता येतील तेवढी न्या, कोरडी ठेवा, मी न्यायला येईन. कोण काय नेतंय याची नोंद ती आणि तिची मदतनीस संगणकावर करत होत्या. पण पुस्तकं देण्याची नोंद संगणकाच्या ज्या पडद्यावर व्हायची तो एका सभासदाला दोनच्या वर पुस्तकं देऊ देत नसे, आणि रस्त्यावरचे निम्मे लोक सभासदच नव्हते. नियम करणाऱ्यानं पुराचा विचार केलेला नव्हता. मग अक्कानं वेगळा रस्ता काढला. अमुक दाखल क्रमांकापासून तमुकपर्यंतची पुस्तकं एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर हलवली, अशी नोंद एकदम करता यायची. तिनं रॅकच्या रकान्यात ती नेणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा लिहायला घेतला. इन्व्हर्टर होता तोवर लिहिलं, मग ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि दोघी गुडघाभर पाण्यातून बाहेर पडल्या.

संगणक गेला. इमारत धोकादायक ठरली. वर्तमानपत्रातलं निवेदन वाचून काही लोकांनी पुस्तकं परत आणून दिली. ती एका वर्गखोलीत पडून होती. बाकीच्यांची वाट बघण्यात काही वर्षं गेली, कारण कमिटीत दोन गट होते आणि दोघांनाही पुस्तकांपेक्षा बांधकामात रस होता. आता नवी इमारत उभी राहिली होती. अध्यक्ष हळदीचे व्यापारी. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना कोनशिला आवडतात. इमारतीत एकही पुस्तक येण्याआधी कोनशिला दोन झाल्या होत्या, आणि 'डिजिटल ग्रंथालय' अशी सोनेरी पाटी ज्या दारावर लागली होती त्याच्या आत अजून विजेचा बोर्डही बसलेला नव्हता.

महिनाअखेरच्या रविवारी कमिटीची बैठक होती. परत न आलेली पुस्तकं गहाळ म्हणून दप्तरातून काढून टाकायची, असा ठराव टाइप होऊन तयार होता. अक्काला आठवत होती ती पाचसात घरं, तिथं मधल्या काळात शिपाई पाठवून झाला होता. सगळीकडून एकच उत्तर आलं : आमच्याकडे पुस्तकं नाहीत.

"बाई, गेलेल्याचं सुतक किती दिवस धरायचं?" असं अध्यक्ष तिला म्हणाले होते.

"माझा शब्द आहे," अक्का मला म्हणाली. "मी येते म्हणून सांगितलंय लोकांना. एकदा ठराव झाला की मी कुणाच्या दारात जाणार आणि कशाच्या जोरावर मागणार? पण जायचं कुणाकडे तेच आठवत नाही रे. चेहरे आठवतात, पावसात भिजलेले. चेहऱ्याला पत्ता नसतो."

पेन ड्राइव्हमधली फाइल उघडली. दाखल क्रमांक स्वच्छ दिसत होते, कारण आकडे. बाकी सगळी रोमन अक्षरं, काहींच्या डोक्यावर टोप्या, मध्येच डॉलरची खूण, मध्येच पौंडाची. गावातल्या दोन संगणकवाल्यांनी डेटा खराब झालाय असा निर्वाळा दिला होता, आणि एकानं त्या निर्वाळ्याचं बिलही.

डेटाला काही झालं नव्हतं. जुन्या दिवसांत मराठी टाइप करायला फाँट विकत मिळायचे. संगणकाच्या पोटात तेव्हा मराठी नसायचीच. आत ही असली चिन्हं, आणि वर मराठीचा मुखवटा. तो फाँट ज्या यंत्रात होता ते कृष्णेनं नेलं, म्हणून आतला चेहरा उघडा पडला इतकंच. कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर, एवढं कळलं की झालं.

ते आम्हाला परत आलेल्या पुस्तकांनी सांगितलं. वर्गखोलीत अक्का एकेक पुस्तक उघडायची, दाखल क्रमांक आणि नाव वाचायची. मी त्याच क्रमांकाची नोंद काढून ती विचित्र चिन्हं त्या नावाशेजारी मांडायचो. इथं 'क' आहे, म्हणजे ही टोपीवाली खूण 'क'. इथं काना. हा अर्धा 'स'. अशी जंत्री वाढत गेली आणि ती मी प्रोग्रामला शिकवत गेलो. त्यात खोडी होत्या. पहिली वेलांटी त्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी यायची, तिला उचलून अक्षराच्या पलीकडे न्यावं लागायचं. जोडाक्षर असलं तर सबंध जोडाक्षर ओलांडून. रफाराचं नेमकं उलटं. मला वाटतं माझ्या सबंध नोकरीत मी मराठीकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

मग एका दुपारी प्रोग्राम सबंध फाइलीवरून फिरवला.

मी याच्या कितीतरी पट मोठ्या फाइली रोज हाताळतो. लोकांनी काय विकत घेतलं आणि काय परत केलं, याच्या. त्यांच्याकडे बघून मला कधी काही वाटलेलं नाही, चहाची आठवण सोडून. इथं मात्र पडदा वरून खाली मराठी होत गेला आणि मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. भजनं आली. पाककृती, आडसाली ऊस, भुतं, बीजगणित, शिवणकाम, कुणाकुणाची चरित्रं, ताऱ्यांची माहिती, पुन्हा भुतं. पेठेतल्या तीन पिढ्यांनी काय काय वाचायला हवं असं कुणाला तरी वाटलं होतं, ते सगळं पाण्याखालून वर आल्यासारखं एका रांगेत उभं होतं. मी भाबडा माणूस नाही. पण काही वेळ मी त्या यादीतलं काहीही दुरुस्त करायचं धाडस केलं नाही.

त्यानंतर रॅकचा रकाना. माझा साधा नियम होता : रॅक म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा. जे तसं नसेल ते प्रोग्रामनं 'अवैध' म्हणून बाजूला टाकायचं. बाजूला पडलेला ढीग नियमात बसलेल्या ढिगाहून मोठा निघाला. आणि आम्हाला हवा होता तो हाच.

"वाच," अक्का म्हणाली.

"कुपवाड, लेथ, निळं शटर."

"हां. जाड भिंगाचा चष्मा होता त्याला. पुढं."

"तासगाव, बेदाणा शेड, चिंचेजवळ."

"ट्रॅक्टर घेऊन आला होता हळदीच्या पेठेत. रिकामा जातो म्हणाला."

"एसटी कंडक्टर, विटा डेपो, दोन पोती."

"त्यानं तिकीट नाही लावलं पोत्यांना."

"पोलीस लाइन, तिसरं दार. रिक्षा, मिरज स्टँड. माहेर." मी थांबलो. "कुणाचं माहेर?"

"आमच्या मदतनीस बाईचं. रकाना लहान होता रे."

मी वाचत गेलो तसे तिला चेहऱ्यांचे पत्ते सापडत गेले. एका ठिकाणाची पुस्तकं एकत्र करून मी सगळं गाववार लावलं, आणि ते बघून मला पुन्हा तसंच झालं. संगणकाच्या लेखी ग्रंथालय बुडालंच नव्हतं. कथा-कादंबऱ्या कुपवाडला होत्या, शेती तासगावला, धर्म मिरजेच्या रिक्षा स्टँडवर. रॅक तेवढे लांब गेले होते. प्रोग्रामला हे जिल्हाभर पसरलेलं ग्रंथालय मुळीच विचित्र वाटत नव्हतं, विचित्र वाटायचं काम माझ्यावर सोपवून तो मोकळा झाला होता.

पहिल्यांदा कुपवाडला गेलो. अक्का रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलत मागे राहिली आणि मी निळ्या शटरपाशी पोचलो. आत जाड भिंगाचा माणूस लेथवर वाकलेला.

"ग्रंथालयाची पुस्तकं आहेत का तुमच्याकडे? पुरातली?"

"न्हाई बा," तो वर न बघता म्हणाला. "कसली पुस्तकं? हितं लोखंड हाय नुसतं."

"आमच्या यादीत तुमचं दुकान..."

"यादी चुकली आसंल. मागं बी एकजण आलता. त्याला बी तेच सांगितलं."

तेवढ्यात अक्का आत आली. त्यानं चष्मा वर केला, तिच्याकडे नीट बघितलं आणि लेथ बंद केला.

"या बाई. लय उशीर केला तुमी."

"अहो, मग यांना नाही कशाला म्हणालात?"

"आता तुमीच सांगितलंतं की. मी सोडून कुणी बी मागाय आलं, तर न्हाई म्हणा. कमिटीचा मानूस आला तरी."

हे वाक्य अक्का साफ विसरली होती. त्या दिवसांत कोण कुठल्या नावानं काय मागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येकाला बजावलं असणार. आणि प्रत्येकानं ते इतकी वर्षं पाळलं होतं, इतकं कडक, की त्यापायी पुस्तकं गहाळ ठरायला आली होती. हत्यारांच्या कपाटाचा खालचा कप्पा त्यानं उघडला. पुस्तकं ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली, वर आडवी पट्टी ठोकून उंदरांचा बंदोबस्त केलेला. स्वतःचे नाजूक मोजमापाचे मायक्रोमीटर त्यानं बाहेर टेबलावर धुळीत ठेवले होते.

"वाचली का कुठली?" मी विचारलं.

"कवा वाचनार? बाईंनी ठिवाय दिलीती."

तासगावला चिंच तोडलेली होती, शेड सापडली. बेदाणा वाळवायच्या जाळ्यांच्या वर, पत्र्याखाली, बेदाण्याच्याच खोक्यांत पुस्तकं होती. शेडचा मालक ती दर साली हंगामाआधी उतरवायचा, गंधकाची धुरी संपली की परत चढवायचा. तरी पानांना बेदाण्याचा वास लागलाच होता. पुढं ती वाचणाऱ्यांना भूक लागेल.

"निम्मी आईनं वाचली," तो म्हणाला. "परवाच्या साली गेली ती. आत द्राक्षाची पानं हायती, तिच्या खुनंची. तुमच्या नियमात बसत नसंल तर काढा, पन सावकाश काढा. चुरा हुतोय."

नियमात बसत नव्हतंच. पुस्तकात पानफूल ठेवणं म्हणजे नुकसान, दंड सभासदाकडून वसूल करावा, असं अक्काच्या टेबलामागं पाटीवर लिहिलेलं असायचं. तिनं एक पुस्तक उघडलं, बघितलं, तसंच मिटलं.

"राहू देत," म्हणाली.

सगळीकडं असं झालं नाही. एका घराच्या जागी अपार्टमेंट निघालं आणि वॉचमनला काहीच ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी वाळवीनं आमच्या आधी येऊन सगळं वाचून टाकलं होतं. घरधनीण रडायला लागली आणि अक्का तिचीच समजूत घालत बसली. बैठकीचा रविवार आला तेव्हा रकान्यातली बहुतेक ठिकाणं बघायची राहिलीच होती.

बैठक नव्या इमारतीत झाली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पोलादी रॅकसमोर खुर्च्या मांडलेल्या. अध्यक्षांनी ठराव वाचला. अक्कानं माझी छापील यादी पुढे सरकवली.

"ही यादी झाली," अध्यक्ष म्हणाले. "पुस्तकं कुठायत?"

"अध्यक्ष, तुमच्या आजोबांची हळद हरिपूरला पेवात असायची ना?"

"असायची. का?"

"आणि घरात किती असायची?"

"घरात कशाला ठेवेल कोण?" ते जरा चिडूनच म्हणाले. आणि मग यादी स्वतःकडे ओढली. पेव म्हणजे नदीकाठच्या मातीत खणलेलं कोठार. वर्षानुवर्षं हळद जमिनीखाली असायची, व्यापाऱ्याच्या हातात फक्त चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर सगळा बाजार चालायचा. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांची घरं त्या चिठ्ठ्यांवर उभी होती.

"पेवात पाणी शिरलं तर हो?" दुसऱ्या गटातला एकजण म्हणाला. त्याला वाद घालायचा होता.

अध्यक्षांनी त्याच्याकडे बघितलं. "शिरलंच होतं. आमचीच होती ती. पण आजोबांनी आधी पेव उघडून बघितलं, मग बुडीत लिहिलं. न बघता नाही लिहिलं." त्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. "बाई, हे सगळे रॅक बघून या. प्रत्येक. मग काय ते लिहू."

"आणि लोकार्पणाची तारीख?" चिटणिसांनी विचारलं. "मंडपवाल्याला विसार दिलाय."

"रिकाम्या कपाटाला हार घालू का?"

जिना उतरून खाली आल्यावर अक्कानं यादी पिशवीत घातली आणि चपलेचा पट्टा लावत म्हणाली, "उद्या विटा. कंडक्टर पहिल्या गाडीला असतो, तो सापडला तर सापडला. नाष्टा करून येऊ नको, स्टँडवर करू."